अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं काकांचं वर्कशॉप: पीएचडीचा सेटअप करून घेणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

सोलापुरात राहून मेकॅनिकलमध्ये पीएचडी करताय आणि टॉपिक एक्सपेरिमेंटल आहे, तर गाईड कोण घ्यावा, रिसर्च सेंटर कुठलं, पेटचा (पीएचडी प्रवेश परीक्षेचा) पेपर कसा असतो हे सांगणारे ढीगभर लोक भेटतील, पण सेटअप, म्हणजे प्रयोगाचं यंत्र, कुठं बनवून घ्यायचा हे कुणी धड सांगत नाही, जो तो आपला माणूस लपवून ठेवतो. म्हणून हा रिव्ह्यू. निकाल आधीच सांगते. सिंगल पीस, काहीतरी वेगळंच, ज्याचं ड्रॉइंग तुमचं तुम्हालाच अजून नीट पटलेलं नाही असं काम असेल तर डोळे झाकून इथं जा. सर्टिफिकेट, इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि तारखेला डिलिव्हरी पाहिजे असेल तर दुसरीकडं बघा.

मी कुठलं काम घेऊन गेले होते ते सांगते, नाहीतर रिव्ह्यूला काही अर्थ नाही. मी एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि पीएचडी पार्ट-टाइम आहे, कॉलेजची एनओसी घेऊन. टॉपिक म्हणजे ट्यूबमध्ये ट्विस्टेड टेप घालून हीट ट्रान्सफर वाढवणे. हो, माहितीय मला, प्रत्येक कॉलेजात कुणीतरी हे करून बसलेलं असतं. माझ्या टेपच्या कडेला व्ही आकाराचे कट आहेत, तेवढंच आमचं नावीन्य, हसू नका. ट्यूबमधून हवा सोडायची, बाहेरून हीटरनं ट्यूब तापवायची, आत पिळलेली पट्टी असली की हवा गोल फिरत जाते, भिंतीजवळचा थर ढवळला जातो आणि उष्णता जास्त उचलली जाते, पण त्याचबरोबर प्रेशर ड्रॉपही वाढतो म्हणजे ब्लोअरला जोर लावावा लागतो, मग या दोन्हीचा हिशोब घालून शेवटी पदरात काय पडलं ते सांगायचं.

आता यात वर्कशॉपचा एवढा काय संबंध असं पीएचडी न केलेल्यांना वाटेल. संबंध असा की वेळ सगळा इथंच जातो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमात पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत, री-रजिस्ट्रेशन केलं की आणखी २, आणि आम्हा बायकांना त्यावर आणखी २, पण सगळं मिळून १० च्या पुढं नाही. ऐकायला ६ वर्षं लई वाटतात. त्यात कोर्सवर्कचे कमीत कमी १२ क्रेडिट, मग लिटरेचर, आणि आपण नोकरीवाले असल्यामुळं मधेमधे पेपर तपासणी, ॲडमिशनच्या ड्युट्या, नॅकच्या फायली, आणि सेमिस्टर संपलं की आरएसी, म्हणजे प्रगती तपासणारी रिसर्च ॲडव्हायझरी कमिटी, दारात उभी. पहिल्या दोन-तीन प्रेझेंटेशनला थ्रीडी मॉडेल दाखवून निभतं, लोक माना डोलावतात, नंतर मात्र एखादा मेंबर विचारतोच की मॅडम मॉडेल छान आहे पण रीडिंग कुठायत. थीसिस द्यायच्या आधी पेपर छापून आलाच पाहिजे ही जुनी अट यूजीसीनं २०२२ ला काढली खरी, पण गाईडनी थोडीच काढली! आणि पेपरला रीडिंग लागतात, रीडिंगला सेटअप लागतो, आणि सेटअप लागतो तो कुणीतरी लेथवर उभं राहून बनवावा लागतो.

याआधी बाकीचे पर्याय करून झालेले. एका बाहेरगावच्या सप्लायरचं कोटेशन आलं लाखाच्या वर, दिसायला एकदम चकाचक, पावडर कोटिंगचं पॅनेल, डिजिटल डिस्प्ले, सगळं. फक्त ते बी.ई.च्या प्रॅक्टिकलला असतं तसलंच यंत्र होतं, टेस्ट सेक्शन अर्ध्या मीटरचा, आणि ट्यूब उघडून आत टेप बदलायची सोयच नाही. मी म्हटलं मला टेप बदलत राहायच्यात, सेक्शन लांब पाहिजे, तर ते म्हणे कस्टमाइज केलं तर चार्जेस वेगळे पडतील, आणि किती ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. कॉलेजचं वर्कशॉप वाईट नाही पण तिथल्या लेथवर पोरं वर्षानुवर्षं स्टेप टर्निंग शिकलेत, स्पिंडलला प्ले आहे, आणि वर्कशॉपवाले मामा परीक्षेच्या काळात हाती लागत नाहीत. मग पंढरपूरकडच्या एका सिनिअरनी, त्याचं झालंय सगळं म्हणून असेल, पत्ता दिला.

वर्कशॉप अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आतल्या गल्लीत आहे. बोर्डावरचं नाव उन्हानं पार उडालंय, सगळे काकांचं वर्कशॉप असंच म्हणतात, आसपास चादर-टॉवेलचे कारखाने, दिवसभर मागाचा खडखडाट, गल्लीत आलं की फोनवर बोलणं विसरा. मूळ धंदा त्यांचा पॉवरलूमच्या पार्टचाच, शाफ्ट, गिअर, टॅपेट, बुश, तुटलेलं काहीतरी घेऊन माणूस सकाळी येतो आणि संध्याकाळपर्यंत माग चालू करून पाहिजे असतो. ड्रॉइंग कुणी देतच नाही, तुटका पार्ट हेच ड्रॉइंग. काकांची सगळी घडण त्यातली आणि मला वाटतं सगळा फरक तिथंच पडतो, ते पार्ट बघत नाहीत, पार्ट काय काम करणार ते बघतात. आत दोन लेथ, एक शेपर, एक रेडियल ड्रिल, एक मिलिंग, कोपऱ्यात वेल्डिंग आणि गॅसची शेगडी. सीएनसी वगैरे काही नाही. टर्नर आणि हेल्पर आपसात तेलुगूत बोलतात, काकांशी अर्धं तेलुगू अर्धं मराठी, आणि भंगारवाला आला की कन्नडही ऐकायला मिळतं. सोलापूरवाल्यांना यात नवीन काही नाही, बाहेरून आलेल्या स्कॉलरला मात्र पहिल्यांदा वाटतं की आपल्याबद्दलच बोलायलेत. नाही बोलत. बहुतेक.

मी पहिल्यांदा ए३ वर प्रिंट काढलेला ड्रॉइंगचा गठ्ठा घेऊन गेले. काकांनी पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, गठ्ठा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, हे राहू द्या, हे चालणार कसं ते सांगा." मग जमिनीवर खडूनं मी ब्लोअर काढला, पाईप काढला, हवा इकडून येणार, इथं मोजणार, इथं तापणार, इथून बाहेर जाणार. ते ऐकत होते आणि मधेच बोट ठेवलं त्यांनी फ्लँजवर, म्हणजे दोन पाईप बोल्टनं जोडायच्या चकतीवर. "तांब्याची नळी, त्याला हे लोखंडी फ्लँज, आणि फ्लँजला पुढं लोखंडी पाईप. मग तुमची गर्मी हवेत जाईल का पाईपात पळंल?"

मी खरंच गप्प बसले. पाचेक सेमिस्टर हीट ट्रान्सफर शिकवलेली बाई मी. आता ॲक्सियल कंडक्शन लॉस (नळीच्या लांबीनं टोकांकडं पळणारी उष्णता) हा शब्द मला माहितीय, माझ्या सिनॉप्सिसमध्येही ते वाक्य आहे की टोकांकडून होणारा लॉस नगण्य धरलाय, आणि अशी वाक्यं आपण सगळेच लिहितो, पण फ्लँजचं मटेरियल बघून ते नगण्य राहत नाही हे या माणसानं चष्मा कपाळावर ठेवून अर्ध्या मिनिटात सांगितलं. उपाय पण त्यांचाच. दोन्ही टोकांना मधे हायलमची (बेकलाइटसारखं कडक, उष्णता अडवणारं मटेरियल) जाड रिंग टाकायची, बोल्टला पण हायलमचे बुश घालायचे म्हणजे बोल्टातून उष्णता पलीकडं जाणार नाही. तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या घरात आणि हायलमची पावच्या आसपास, आकडेच बोलतात. हायलम शंभर-सव्वाशे डिग्रीच्या पुढं नेऊ नये, पण माझ्या ट्यूबची भिंत तेवढी तापतच नव्हती. पुढं आरएसीत एका सरांनी नेमका हाच प्रश्न विचारला आणि मी हायलमच्या रिंगचा फोटो लावलेली स्लाइड उघडली, त्या दिवशी काकांना फोन करून सांगितलं तर म्हणाले बरं बरं, ब्लोअरच्या स्टँडचे पैसे राहिलेत.

ड्रॉइंगबद्दल अजून एक. इथं जे स्कॉलर येतात त्यातल्या बऱ्याच जणांच्या ड्रॉइंगवर सगळीकडं ±०.०१ टाकलेलं असतं, स्टँडच्या अँगलला पण. काका असल्या ड्रॉइंगला हसतात आणि मग स्वतःच विचारत बसतात, हे कशात बसणार, हे फिरणार का, हे नुसतं दिसायला आहे का. जिथं फिट पाहिजे तिथं ते मायक्रोमीटर काढतात, जिथं नाही तिथं सरळ सुतात मोजतात, तीन सूत, पाच सूत, आणि तेवढ्यानं भागतं. पैसे वाचतात ते इथं. प्रत्येक मापाला विनाकारण टॉलरन्स लावून दुसरीकडं दिलं असतं तर बिलच तसं आलं असतं. आणि हे ज्ञान फुकट मिळतं हेही धरा.

आता खास काम. प्रेशर टॅप. ट्यूबच्या भिंतीला दीड मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि बाहेरून छोटी नळी ब्रेझ करायची (पितळी डाक देऊन जोडायची), तिथून दाब मोजायच्या मॅनोमीटरला रबरी नळी जाते. सोप्पं वाटतं ना? पण बाहेरून ड्रिल मारलं की आतल्या बाजूला बर, म्हणजे धातूची बारीक खरबरीत कड, उठते, आणि ती बर आत हवेच्या वाटेत आली की तिथलं प्रेशर चुकीचं दिसतं. लांब ट्यूबच्या मधे हात तर जात नाही. माझ्या सेटअपमध्ये हवेचा प्रेशर ड्रॉप साध्या ट्यूबला पाण्याच्या काही मिलिमीटरचा, त्यात एवढ्याशा बरनं पण रीडिंग हलतं. काकांनी जुन्या मागाच्या पिकिंग स्टिकचं लाकूड घेतलं, लेथवर ट्यूबच्या आतल्या मापाला घट्ट बसेल असं गोल केलं, ट्यूबमध्ये जिथं भोक पडणार तिथंपर्यंत ठोकत नेलं आणि मग ड्रिल मारलं. ड्रिल तांबं सोडून लाकडात गेलं, बर उठायला जागाच नाही. लाकूड बाहेर काढलं, एका सळईला पॉलिश पेपर गुंडाळून आतून दोनदा फिरवला, संपलं. मी मोबाईलची लाईट लावून दुसऱ्या बाजूनं बघत होते, भोकाची कड अशी स्वच्छ. थीसिसमध्ये मी हे दोन ओळींत लिहिलंय, टॅप बर-फ्री आहेत म्हणून. पिकिंग स्टिकला मात्र थीसिसमध्ये जागा नाही मिळाली.

टेप पिळायचं काम बघायला तर मी लेक्चर ॲडजस्ट करून गेले होते. ट्यूबचा आतला व्यास २५, पट्टी २४ रुंद, १ मिलिमीटर जाड ॲल्युमिनिअम. ट्विस्ट रेशो म्हणजे पट्टी अर्धा पीळ घ्यायला जेवढी लांबी घेते ती भागिले व्यास, मला ३, ४ आणि ५ पाहिजे होते म्हणजे अर्ध्या पिळाला ७५, १०० आणि १२५ मिलिमीटर. पट्टीचं एक टोक लेथच्या चकमध्ये, दुसरं टोक टेलस्टॉकला त्यांनी बनवलेल्या खाचेच्या क्लॅम्पमध्ये, तो क्लॅम्प मागं ओढून पट्टीला ताण द्यायचा आणि चक हातानं, मोटर बंद ठेवून, हळूहळू फिरवायचा. ताण कमी पडला तर पट्टी मधेच वाकडी होते, जास्त झाला तर एका जागी पीळ गोळा होतो. आणि सोडली की थोडी उलटी उलगडते, म्हणून जेवढा पाहिजे त्यापेक्षा जरा जास्त पिळायची. किती जास्त? त्याचं काही सूत्र नाही त्यांच्याकडं, टर्नरनं एक तुकडा वाया घालवला, सोडून बघितलं किती उलगडली, खडूनं चकवर खूण केली आणि पुढच्या सगळ्या त्या खुणेवर पिळल्या. मी घरी येऊन स्केल लावून मोजल्या, ७५ च्या जागी इकडं तिकडं एखादा मिलिमीटर. माझ्या कामाला पुष्कळ झालं. व्ही कट मात्र पिळायच्या आधी मारायचे का नंतर यावर काका आणि टर्नरचं तेलुगूत जोरदार भांडण झालं, शेवटी आधी मारले, आणि कटाच्या जागी पट्टी थोडी जास्त पिळली जाते हे नंतर दिसलं. तेही थीसिसमध्ये प्रामाणिकपणे लिहिलंय, फोटोसकट.

आता तक्रारी, आणि आहेत.

पहिली ऑरिफिस प्लेटची. हवा किती जाते ते मोजायला पाईपमध्ये मधे भोकाची प्लेट बसवतात, आणि त्या भोकाची हवेकडची कड कोरी धारदार पाहिजे, पलीकडच्या बाजूला तिरका कट चालतो. धार मोडली की डिस्चार्ज कोएफिशियंट जो ०.६ च्या आसपास धरतो तो बदलतो आणि मग तुमचा रेनॉल्ड्स नंबरच (प्रवाह किती जोराचा ते सांगणारा आकडा) खोटा. मी ड्रॉइंगवर लाल पेननं लिहिलेलं, धार मोडू नये. हेल्परनं सवयीप्रमाणं दोन्ही बाजूंनी छान बर काढून, कानस मारून, गुळगुळीत करून दिली. वर्कशॉपमध्ये धारदार कड म्हणजे कुणाचा तरी हात कापणार, म्हणून ती मोडायचीच असते, त्या पोराचं शिक्षणच तसं, पण ड्रॉइंगवर लिहिलेलं वाचलं नाही हे खरं. काकांनी न बोलता दुसरी करून दिली, पैसे घेतले नाहीत, पण माझा आठवडा गेला. त्यामुळं असलं उलटं काम असेल तर लिहून भागत नाही, टर्नरला आणि हेल्परला दोघांना तोंडानं सांगा, आणि का ते पण सांगा, का कळलं की ते विसरत नाहीत.

दुसरी, तारीख. काकांनी दिलेली तारीख म्हणजे त्यांची इच्छा असते. माग बंद पडलेला माणूस दारात आला की तुमचं काम बाजूला, आणि मला यात त्यांची चूकही फार वाटत नाही कारण त्या माणसाचा रोजचा धंदा बंद असतो आणि आपली पीएचडी काय, चाललीय. पण आरएसीच्या आधी पंधरा दिवसांत काम देऊन उगाच बीपी वाढवून घेऊ नका. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत आणि श्रावणात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवाच्या आसपास तर काहीच धरू नका, अर्धी माणसं सुट्टीवर असतात आणि उरलेली सुट्टीच्या मूडमध्ये. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी काम जवळपास थांबतं, ४३-४४ डिग्रीत तुम्ही उभं राहून दाखवा. माझी स्वतःची रीडिंग पण मी एप्रिल-मेमध्ये पहाटे घेतलीत, एक तर दुपारी लॅबमधली हवाच ४० च्या वर, वर व्होल्टेज असं नाचतं की डिमरस्टॅटवर (हीटरचं व्होल्टेज कमी-जास्त करायच्या यंत्रावर) वॉटेज धरून ठेवणं म्हणजे शिक्षा, आणि स्टेडी स्टेट येता येता परत लाईट जाते.

तिसरी, कागद. मापाचा रिपोर्ट मागितला तर काका म्हणतात, "मोजा की तुम्हीच, व्हर्निअर हाय की हितं." लेखी काही मिळत नाही. माझ्यासारखं काम असेल तर चालतं, अनसर्टनिटी ॲनालिसिससाठी (मोजमापात किती चूक असू शकते त्याच्या हिशोबासाठी) मी माझ्या कॉलेजच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये सगळी मापं परत घेतली. बिल मात्र नीट मागून घ्या, जीएसटी नंबरसकट, पार्टनुसार वेगळ्या ओळी. कॉलेजकडून सीड मनी किंवा दुसरीकडून ग्रँट असेल तर आधी तीन कोटेशन लागतात, आणि काका कोटेशन द्यायला जाम कंटाळतात, मी मसुदा टाईप करून नेला तेव्हा शिक्का मारून दिला. १८ टक्के जीएसटी वर लागतो हे सुरुवातीलाच धरून चाला, नंतर तोंड वाकडं करू नका.

थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायच्या तारा, बसवायचं काम इथं देऊ नका. के-टाईपच्या तारा नाजूक, ट्यूबच्या भिंतीत बारीक खाच करून त्यात टोक दाबून बसवायचं असतं, खाच ते छान मारून देतात, टोक आपण बसवायचं. माझ्या ओळखीच्या एकानं टोकही त्यांच्याकडून ब्रेझ करून घेतलं आणि निम्मी थर्मोकपल गेली. यात वर्कशॉपचा दोष असा नाही, ते त्यांचं कामच नाही. कॅलिब्रेशन एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधूनच, पैसे जातात, पण परीक्षक पहिला प्रश्न तिथंच विचारतो. के-टाईप साध्या ग्रेडचं मुळात दोन-सव्वादोन डिग्री इकडंतिकडं असू शकतं, आणि तुमचा हवेच्या तापमानातला फरकच दहा-पंधरा डिग्री, करा हिशोब.

बायकांसाठी वेगळं सांगते कारण हे कुणी लिहित नाही. वर्कशॉपमध्ये बाई गेली की सुरुवातीला सगळे काम थांबवून बघतात, काका खुर्ची पुसून देतात आणि "सर आले नाहीत का?" विचारतात. सर म्हणजे माझे गाईड का माझे मिस्टर ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला हे संपतं, एकदा लेथवर कॅरेज तुम्ही स्वतः हलवून बघितलात की मग टर्नर तुमच्याशी थेट बोलायला लागतो. वागणूक एकदम व्यवस्थित, कधीही अवघडल्यासारखं झालं नाही. टॉयलेटची सोय नाही मात्र, आणि एमआयडीसीत आतल्या गल्लीत आसपासही नाही, त्यामुळं लांबचा मुक्काम असेल तर आधी विचार करून जा. ओढणी, मोकळे केस, बांगड्या यांचं काका आल्या आल्या सांगतात आणि ते बरोबरच आहे, फिरत्या लेथपाशी नखरे चालत नाहीत.

पैशाचं म्हणाल तर स्टँड, पाईपिंग, टेस्ट सेक्शन, फ्लँज, हायलमचं काम, ऑरिफिस आणि टेपचा पहिला सेट मिळून ४० हजारांच्या आत बसलं, तांब्याची ट्यूब आणि ब्लोअर मी वेगळा आणला. तांब्याचा भाव रोज बदलतो, त्यामुळं माझा आकडा धरून भांडायला जाऊ नका. घासाघीस थोडी होते पण मटेरियलवर नाही, मजुरीवर. आणि उरलेलं मटेरियल मागून घ्या, नाहीतर भंगारात जातं, माझा तांब्याचा चांगला हातभर तुकडा असाच गेला, विचारलं तर सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

आणि शेवटी सेटअप चालला का? चालला. आधी टेप न घालता साध्या ट्यूबवर रीडिंग घ्यायची आणि ती जुन्या समीकरणांशी ताडून बघायची असते, नसेल्ट नंबरसाठी (हवा उष्णता किती उचलते त्याचा आकडा) डिटस-बोल्टर, फ्रिक्शनसाठी ब्लासियस, हे जुळलं नाही तर पुढचं सगळं मातीत. डिटस-बोल्टर मुळात रेनॉल्ड्स नंबर १०,००० च्या वरच्या प्रवाहासाठी, त्याच्या खाली मी ग्निएलिन्स्की वापरलं. पहिल्या दिवशी फ्रिक्शन भलतंच कमी आलं, सगळ्या जॉइंटना साबणाचं पाणी लावलं तर ब्लोअरकडच्या एका फ्लँजला बुडबुडे. काका स्वतः लॅबमध्ये आले, नवीन गॅस्केट कापून घातलं, लॅब बघितली, भिंतीवरचा चार्ट बघितला, विद्यार्थ्यांनी दिलेला चहा घेतला. त्यानंतर हीट ट्रान्सफर दहा टक्क्यांच्या आत आणि फ्रिक्शन त्याहूनही जवळ. गाईड सरांनी ग्राफ बघून पहिल्यांदा "चला" म्हटलं. त्यांच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच.

कुणी जावं? हीट ट्रान्सफरवाले, सोलर ड्रायर-सोलर हीटरवाले, फ्लुइडचे सेटअप, पिन-ऑन-डिस्कसाठी पिना करून घेणारे, कंपोझिटचे साचे, फिक्स्चर, गिअर टेस्टिंगचे स्टँड. फ्रिक्शन स्टर वेल्डिंगचं टूल ते टर्न करून देतील, पण हार्डनिंग दुसरीकडून करून आणावं लागेल. जाऊ नये ते प्रेशर वेसल, जास्त दाबाचं काही, मायक्रो-मशिनिंग आणि ज्यांना एकसारखे पन्नास पीस पाहिजेत ते. एकसारखे दोन टेप मागितले तरी टर्नरचा चेहरा पडतो.

मार्क द्यायचे तर कामाला पाचपैकी साडेचार, डोक्याला पाच, वेळेला दीड, कागदपत्रांना एक. सकाळी साडेनऊच्या आसपास जा, त्या वेळी काका निवांत असतात, अकरानंतर मागवाल्यांची रांग लागते. फोन करून जायचा उपयोग नाही, आवाजात ऐकू येत नाही आणि ते उचलतही नाहीत, व्हॉट्सॲपवर ड्रॉइंगचा फोटो टाकला की संध्याकाळी अंगठा येतो, तो अंगठा म्हणजे बघितलं एवढंच, काम सुरू झालं असं समजू नका. ॲडव्हान्स निम्मा द्या, पूर्ण देऊ नका. ड्रॉइंग ए३ वरच प्रिंट करा, ए४ वरची मापं काकांना दिसत नाहीत आणि ते तसं सांगत पण नाहीत.